शाल इथली, काम पुण्याचे

गेल्या हिवाळ्यात घनसावंगी तालुक्यातील एका महाविद्यालयात माझे व्याख्यान झाले. विषय नेहमीचाच, ‘माहिती तंत्रज्ञान आणि ग्रामीण युवक’. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी मला ‘जालन्याचे भूषण’ ठरवून टाकले, शाल व श्रीफळ मिळाले. मी पन्नास मिनिटे बोललो. इंटरनेट आता गावात पोहोचले आहे, सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी पुण्या-बंगळुरूस जाण्याची गरज उरलेली नाही, मी स्वतः जालन्यात राहून हेच काम करतो, तुम्हीही करू शकाल, असा एकूण आशय होता. समर्थांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. त्या मातीत उभे राहून वक्त्याने उगाच ऐट आणू नये, हे मला कळते. पण टाळ्या पडू लागल्या की ऐट आपोआप येते.

अशा कार्यक्रमांत प्रश्न विचारायला सहसा कोणी उठत नाही. त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

“सर, तुम्ही इथं राहता हे ठीक. पण तुमचं काम कुठून येतं?”

“पुण्यातील एका कंपनीकडून.”

“म्हणजे पैसा पुण्याचाच की. मग आम्ही पुण्याला गेलो तर कामून चुकलो?”

सभागृह हसले. आभारप्रदर्शन घाईने उरकले गेले. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न माझ्या मोटारसायकलच्या मागच्या आसनावर बसून जालन्यापर्यंत आला, आणि आजही उतरलेला नाही.

ज्या जिल्ह्यातून तो प्रश्न आला, त्याचा आकार आधी ध्यानात घ्यावा. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे तालुके काढून जालना जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार भरली. त्याच जनगणनेत संपूर्ण गोवा राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्याही आत होती. म्हणजे आठ तालुक्यांचा हा जिल्हा स्वतंत्र राज्य असता, तर ते एक लहानसे, कोरडवाहू आणि ग्रामीण राज्य ठरले असते. कारण येथील दर पाच माणसांपैकी चार खेड्यात राहतात. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबी या तीन गोष्टींनी हा पाळणा आजही हलतो. सॉफ्टवेअरचा त्यात उल्लेख नाही, आणि तो असावा असे फारसे कोणाला वाटतही नाही.

मी २००५ साली पदवी घेऊन पुण्यास गेलो. हिंजवडीत आठ वर्षे नोकरी केली. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. तो उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. लोकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवली, आणि तेही परवडेना तेव्हा कुऱ्हाड हाती घेतली. आमची साडेतीनशे झाडे होती. वडिलांनी ती मजूर न लावता स्वतः तोडली. त्या वर्षी मी परत आलो. वडिलांची समजूत झाली की मी त्यांच्यासाठी नोकरी सोडली. गल्लीची समजूत झाली की मला काढून टाकले. धाकट्या भावाच्या लग्नाच्या बोलणीत ‘थोरला घरीच असतो म्हणे’ हा मुद्दा मुलीकडच्यांनी हलक्या आवाजात काढला होता. मी आतल्या खोलीत अमेरिकेतील एका ग्राहकाची चूक दुरुस्त करीत बसलो होतो. त्यामुळे बाहेर येऊन खुलासाही करता आला नाही.

पहिली काही वर्षे विजेशी भांडण्यात गेली. रोहित्र जळले की दोन-तीन दिवस अंधार. इन्व्हर्टर, त्याला जोड म्हणून दुसरा इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे, असा सारा जामानिमा. त्या अडचणी बऱ्याच कमी झाल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्या-बंगळुरूची मुले लॅपटॉप काखेत मारून गावी आली, आणि आमच्याकडच्या माळवदांवर व गोठ्यांत परदेशी ग्राहकांच्या बैठका झाल्या. हे शक्य आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे कंपन्यांनी बोलावले आणि बहुतेक मुले परत गेली. वीज होती, इंटरनेट होते, घरची भाकरी होती, तरी गेली. तेव्हा अडचण केवळ वीज-इंटरनेटची नव्हती, हे मान्य करायला हवे.

उणीव असते ती सोबतीची. पैलवान एकटा जोर-बैठका काढू शकतो, कुस्ती खेळू शकत नाही. त्याला जोड लागते. आज्ञावली लिहिणाऱ्याचेही तसेच आहे. आपण लिहिलेले दुसऱ्या जाणत्याने वाचावे, ‘हे येथे फसेल’ असे सांगावे, आपण चिडावे, मग दोन दिवसांनी त्याचे म्हणणे खरे निघावे, यातूनच हा कारागीर घडतो. पुण्यात हे चहाच्या टपरीवर घडते. जालन्यात मला तसा माणूस शोधूनही मिळेना. तेव्हा असे सोबती आपणच तयार करावेत, या अगदी स्वार्थी हेतूने मी बोलू लागलो.

बोलावणी पुष्कळ आली. पण अनुभव असा की, आमच्या भागात वक्त्याकडून विषय नको असतो, प्रेरणा हवी असते. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली, आणि ती ज्या परंपरेचा प्रारंभ ठरली तीत व्याख्यान हे ज्ञान देण्याचे साधन होते. आज तालुक्याच्या गावी व्याख्यान म्हणजे ‘उंच भरारी’, ‘पॅकेज’ आणि शेवटी मुलांना रडवणारी आईची गोष्ट. एका संयोजकांनी मला अगोदरच बजावले होते, “तांत्रिक काही नको, मुले कंटाळतात.” मुले कंटाळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. कंटाळतात ती न समजणाऱ्या भाषेला.

एक उदाहरण देतो. अनेक जण मिळून एकच सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणारे ‘गिट’ नावाचे साधन जगभर वापरले जाते. लिनस टॉरवॉल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिहिले. इंग्रजी पुस्तकातून ते शिकवले की आमच्या मुलांचे चेहरे कोरे राहतात. एकदा परतूरला मी पुस्तक मिटले आणि विचारले, “घरी सातबारा कोणी पाहिला आहे?” सगळे हात वर. “आणि फेरफार?” निम्मे हात वर. मग सांगितले की, सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. पण ती अशी का झाली, आजोबांचे नाव कधी कमी झाले, आत्याने हक्क कधी सोडला, बोजा कधी चढला, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये असते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. जुनी नोंद खोडून टाकता येत नाही. चूक दुरुस्त करायची तरी नवी नोंद घ्यावी लागते. गावात ज्याला लोक तलाठीच म्हणतात, नवे पदनाम काहीही असो, तो नोंद घेतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. गिटही हेच करते. तुम्ही नोंद घ्यायची, इतरांनी हरकत घ्यायची, जाणत्याने प्रमाणित करायची. वीस मिनिटांत विषय संपला. एका मुलीने विचारले, “दोघांनी एकाच गटावर एकाच वेळी नोंद केली तर?” हिंजवडीत नवशिक्या अभियंत्यांना हा प्रश्न सुचायला महिना लागतो. बांधाच्या भांडणात वाढलेल्या मुलीला तो आपसूक सुचला.

म्हणून मी मराठीत बोलतो. मात्र प्रत्येक इंग्रजी संज्ञेला संस्कृत पर्याय घडवत बसण्यात मला रस नाही. ‘कम्पायलर’ला ‘संकलक’ म्हटल्याने तो अधिक समजतो, असे नाही. ‘सी’ या संगणकीय भाषेच्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत राखीव शब्द अवघे ३२ होते. तेवढे इंग्रजी कोणालाही झेपते. संज्ञा इंग्रजी असली तरी चालेल, तिचा उलगडा मराठीत झाला पाहिजे.

याबाबत आपल्याच इतिहासातील एक गोष्ट विसरली जाते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी खास भाषांतर विभाग उभारला गेला, विज्ञानाची व वैद्यकाची पुस्तके उर्दूत आणली गेली, आणि उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देता येते हे त्या विद्यापीठाने शतकापूर्वी दाखवून दिले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ती भाषा दरबाराची होती. राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलत होती, आणि तिच्या वाट्याला ते आले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. माझ्या आजोबांनी व्यवहाराची भाषा म्हणून उर्दू गिरवली, मी इंग्रजी गिरवली; दोघांनाही जे शिकायचे ते आधी परक्या उंबरठ्यावर टेकवून मग घरात आणावे लागले. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास वाट मोकळी केली आणि पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्यास घेतली. पाऊल चांगले आहे. पण पालकच तिकडे मुलांना पाठवायला कचरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पुढे मुलाखत इंग्रजीतच होणार, हे त्यांना दिसते.

येथवर सारे माझ्या सोयीचे झाले. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे यावे लागेल, कारण त्याने भाषेविषयी विचारले नव्हते. पैशाविषयी विचारले होते.

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण ते काम चालले कसे, हे सांगत नाही. संकरित कापसाचे बियाणे कारखान्यात होत नाही. ते शेतकऱ्याच्या शेतात, हाताने करावे लागते. सायंकाळी मादी वाणाच्या उमलू पाहणाऱ्या कळीतील पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर वाणाचे पराग लावायचे, असे आठवडेच्या आठवडे, एकेका कळीला. हे किचकट कसब निरक्षर बायाबापड्यांनी आत्मसात केले. कारण बांधावर दोन माणसे आली. एकाने त्यांच्याच बोलीत, हातात फूल धरून शिकवले. दुसऱ्याने तयार होईल ते बियाणे विकत घेण्याचे वचन दिले. केवळ पहिलाच आला असता, तर आज जालना बियाण्यांचे शहर नसते. चांगल्या व्याख्यानांचे शहर असते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या बांधावर दुसरा माणूस येतच नाही. सरकारने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ काढले, ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, आणि शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने लक्षावधी मुलांनी माऊस हाती धरला. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. खेड्यातील मुलींना संगणकासमोर बसवले ते त्याच वर्गांनी. पण ते वापरणाऱ्याचे शिक्षण होते, घडवणाऱ्याचे नव्हे. घडवणारा घडायचा तर त्याला गिऱ्हाईक लागते.

आणि गिऱ्हाईक आहे! मोंढ्यातील आडत दुकाने आहेत, जिनिंग आहेत, सळईचे कारखाने, बियाणे कंपन्या, पतसंस्था, शाळा, रुग्णालये आहेत. यांतील बहुतेकांचे सॉफ्टवेअर बाहेरून येते आणि ते येथल्या व्यवहाराला बेतलेले नसते. एका आडत दुकानात मी पाहिले, बाहेरून घेतलेल्या प्रोग्रॅमला एकाच गावचे एकाच नावाचे तीन शेतकरी वेगळे ओळखता येत नव्हते. मुनीमजींनी त्यावर तोडगा काढला होता. एकाच्या नावापुढे टिंब, दुसऱ्याच्या पुढे दोन टिंबे. ‘टिंबवाल्या’ची पट्टी ‘दोन टिंबवाल्या’ला गेली की भांडण, मग हमाली-तोलाई कापून सारा हिशोब पुन्हा हाताने. आमच्या दोन मुलांनी चार दिवस दुकानात बसून ते दुरुस्त केले. वडिलांचे नाव आणि आळीचे नाव धरून ओळख पटवायची, एवढीच युक्ती होती. पण ती सुचायला मोंढ्यात बसावे लागते.

आता एक कडू गोष्ट. एका संस्थेने आपल्या वर्धापनदिनी माझा सत्कार केला. भाषणात सचिव म्हणाले, “आपल्या मातीतील गुणवत्ता आपणच ओळखली पाहिजे.” त्याच महिन्यात त्या संस्थेने सभासदांच्या हिशोबाचे काम पुण्यातील कंपनीला दिले. मी तयार केलेल्या तीन मुलांनीही प्रस्ताव दिला होता, आणि तो निम्म्या किमतीचा होता. मी विचारायला गेलो तेव्हा सचिव संकोचाने म्हणाले, “पोरं हुशार आहेत हो, पण उद्या बिघडलं तर धरायचं कोणाला?” पुढे ते बिघडले. पुण्याहून माणूस यायला नऊ दिवस लागले. आमची मुले दोन चौक पलीकडे बसली होती.

पण त्यांची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यापूर्वी आमच्यातील एक मुलगा एका व्यापाऱ्याचे काम अर्धवट टाकून नोकरीसाठी निघून गेला होता. ते काम पुरे करायला मला दोन महिने लागले आणि पैसे मागायचे तोंड उरले नाही. जालना लहान आहे. ही बातमी मोंढ्यात चहा संपण्याआधी फिरते.

व्याख्यानांत आम्ही उदाहरणे देतो ती बहुधा अर्धीच असतात. मीही दिली आहेत. श्रीधर वेम्बू तमिळनाडूतील तेनकासी जिल्ह्यातील खेड्यात राहून झोहोचे काम पाहू लागले, कंपनीने महाविद्यालयात न गेलेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत शिकवून कामावर घेतले, हे खरे आहे आणि अनुकरणीय आहे. पण झोहो खेड्यात गेली तेव्हा तिचे गिऱ्हाईक जगभर आधीच तयार होते. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत यांनी एकेकाळी इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉयचे काम केले, पुढे चित्रसजावटीचे स्वतःचे सॉफ्टवेअर उभारले आणि टाळेबंदीत गावातील गोठ्यात बसून ते चालवले. त्यांच्या जिद्दीपुढे मी नम्र आहे. तथापि एका माणसाची जिद्द ही हजार मुलांसाठीची व्यवस्था होऊ शकत नाही. अपवादाला व्यासपीठावर उभे करून ‘याने केले, तुम्ही का नाही?’ असे विचारणे हा मुलांवर अन्याय आहे, आणि तो मी पुष्कळदा केला आहे.

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला, ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली. आनंदच आहे. पण वाट येण्याची असते तशी जाण्याचीही. या गाडीने पहिली काही वर्षे तरी माणसे नेलीच अधिक जातील, असे मला वाटते.

हे नियतकालिक वाचणाऱ्यांत पतसंस्थांचे संचालक आहेत, शाळांचे कार्यवाह आहेत, दुकानदार आहेत, छोटे कारखानदार आहेत. त्यांना विनंती इतकीच की, पुढच्या वर्षी मला व्याख्यानाला बोलावू नये. त्याऐवजी एक लहानसे काम गावातील दोन मुलांना द्यावे. हजेरीपट, पावत्या, गोदामाचा साठा, काहीही. लेखी करार करावा, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, चूक झाली तर पैसे कापावेत, पण काम काढून घेऊ नये. माझ्या बाजूने मी एवढे करतो की, त्या कामावर तिसरा माणूस म्हणून माझे नाव लिहावे. मुले निघून गेली तर मला धरावे.

माझ्या उत्पन्नाचा हिशोबही त्या मुलासाठी मांडतो. मागील वर्षी शंभरातील एकोणऐंशी रुपये पुण्याहून आले, एकवीस जालन्यातून. दहा वर्षांपूर्वी जालन्यातून चार येत होते.

त्या मुलाला मी नंतर महाविद्यालयामार्फत शोधून काढले. त्याला पुण्यालाच जायचे होते. घरी अडीच एकर कोरडवाहू आणि बहिणीचे लग्न तोंडावर. मी त्याला राहा म्हटले नाही. ओळखीच्या ठिकाणी चिठ्ठी दिली, आणि तो जूनमध्ये गेला. एकच अट घातली होती, ती तो पाळतो. रविवारी संध्याकाळी तो येथील दोन मुलांनी आठवडाभर लिहिलेले फोनवर उघडून वाचतो. मागच्या रविवारी त्याने एकाचे काम परत पाठवले. शेरा लिहिला होता, ‘नोंद नामंजूर. कारण खाली दिले आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.’